राखणदाराचा हिशेब

आमच्या बाजारपेठांत एक जुना रिवाज आहे. गल्ल्यावर कितीही विश्वासू मुनीम बसविला असला, तरी त्याच्या वह्या तपासल्यावाचून दिवाळीला नव्या वहीचे पूजन होत नाही. ह्या तपासणीने मुनिमाचा अपमान होतो असे कोणी मानीत नाही. उलट हिशेब चोख निघाला म्हणजे त्याची पत वाढते. जो मुनीम वह्या दाखविण्यास कांकूं करतो त्याच्याविषयीच मालकाच्या मनात शंका उत्पन्न होते. व्यवहारातला हा साधा न्याय आपण आपल्या दुकानापुरता पाळतो. परंतु ज्याच्या हाती आपले जीवित, वित्त आणि अब्रू सोपविली आहे त्या राखणदाराचा हिशेब मागण्याची वेळ आली, की आपली जीभ टाळ्यास चिकटते. पोलिसांच्या स्वतःच्या गैरवर्तनाचा जाब कोणी, कोठे आणि कसा घ्यावा हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रश्न मोठ्या शहरांचा आहे असे समजून कोणी तो बाजूस सारू नये. आंबेगाव तालुक्यातील शिनोलीचे उदाहरण घेऊ. मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोडेगावच्या पुढे आणि डिंभे धरणाच्या अलीकडे हे गाव आहे. येथील शेतकऱ्याचा माल मंचरच्या बाजारात जातो. कचेरीचे काम घोडेगावास होते. आणि आणखी पश्चिमेस चढून गेले की महादेव कोळी समाजाच्या वाड्या लागतात. अशा गावच्या माणसास सरकार म्हणजे तीन चेहरे ठाऊक असतात : तलाठी, वनरक्षक आणि पोलीस. पहिल्याने चूक केली तर तहसीलदाराकडे अपील आहे हे त्यास माहीत असते. तिसऱ्याने चूक केली तर काय करावयाचे, हे त्यास कोणी कधी सांगितलेले नसते. समजा, शिनोलीच्या एखाद्या गृहस्थाची फिर्याद ठाण्यात लिहून घेतली नाही, किंवा त्याच्या मुलास संशयावरून नेऊन तीन दिवस नोंदीवाचून बसवून ठेवले. तर त्या गृहस्थाने कोणत्या दारावर थाप मारावी? ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे; परंतु ते कायद्याच्या पुस्तकातून शिनोलीपर्यंत पोहोचत नाही, हेच आमचे गाऱ्हाणे आहे.

ह्याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. मुंबईत गिरणीत मजुरी करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि त्या लॉरीखाली चिरडला गेला. लॉरीस पोलिसांचे संरक्षण होते. त्या दिवशीच्या बंदोबस्ताचा जाब सरकारास विचारण्याचा अधिकार तेव्हाच्या प्रजेस नव्हता. कारण ती प्रजा होती, नागरिक नव्हती. परकी अंमलातील पोलीस हा राज्यकर्त्याचा नोकर होता आणि त्याची जबाबदारी वरच्या दिशेने, साहेबाकडे होती. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा ही दिशा बदलावयास हवी होती. गणवेश बदलला, बिल्ले बदलले, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे उदात्त ब्रीद मिळाले. परंतु जबाबदारीची दिशा पुरती बदलली काय? पुढील प्रकरणे पाहून वाचकांनीच ठरवावे.

२६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आताच्या गडचिरोलीतील देसाईगंज ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर ठाण्याच्या आवारातच बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांस सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. आणि १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून तिची संमती होती असा अर्थ काढण्यात आला. रात्रीच्या वेळी, बाहेर आप्त उभे असताना, गणवेशधारी माणसाच्या आज्ञेपुढे एका गरीब मुलीने ‘नाही’ कसे म्हणावे, हा विचार त्या निकालात आला नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर अधिकाऱ्याने केलेला बलात्कार हा वेगळा व अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला, आणि शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरावे असा नियम झाला. देशभर ‘मथुरा खटला’ म्हणून गाजलेले प्रकरण ते हेच. महाराष्ट्रातील एका आडवळणी ठाण्यातील अन्यायाने साऱ्या देशाचा कायदा हलविला. पण त्या मुलीस मात्र न्याय मिळाला नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी एका इसमास ‘चकमकीत’ ठार केल्याचे जाहीर केले. मृताच्या वकील भावाने हार मानली नाही. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले, आणि ही चकमक नसून पळवून नेऊन केलेला खून होय असे निष्पन्न झाले. २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांस जन्मठेप दिली. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयात निर्दोष सुटलेल्या प्रदीप शर्मा ह्या ‘चकमकफेम’ माजी अधिकाऱ्यासही दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. मध्यंतरी, २०१५ साली, राज्य सरकारने ह्या खटल्यातील शिक्षा झालेल्या पोलिसांपैकी ११ जणांची शिक्षा तहकूब करण्याचा पराक्रम केला होता; उच्च न्यायालयास तो पुढे रद्द करावा लागला. वाचकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. जाब विचारला गेला तो खात्याच्या शिस्तीमुळे नव्हे, तर एका चिवट भावामुळे. आणि तो भाऊ वकील होता. शिनोलीच्या वाडीतील मृताचा भाऊ वकील असेलच असे नाही.

तिसरे सांगलीचे. २०१७ च्या नोव्हेंबरात लुटीच्या आरोपावरून पकडलेला तरुण कोठडीत मेला. पोलिसांनी तो पळाल्याचा बनाव केला आणि प्रेत आंबोलीच्या परिसरात नेऊन जाळल्याचे उघड झाले. पोलिसांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. चौथे परभणीचे. २०२४ च्या डिसेंबरात तेथील अशांततेनंतर पकडलेला एक तरुण कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवावा असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलै रोजी तेथेही त्याची डाळ शिजली नाही. मृत्यूनंतर साध्या फिर्यादीची नोंद होण्यास सात महिने आणि दोन वरिष्ठ न्यायालये लागावीत, ह्यापरता पुरावा कोणता पाहिजे?

आता कायद्याकडे वळू. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांस जे आदेश दिले त्यांत एक असा की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असे स्वतंत्र प्राधिकरण असावे. उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांचा विचार जिल्ह्यात व्हावा, वरच्यांचा राज्यात. आणि खातेनिहाय वा फौजदारी कारवाईविषयीची त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक असावी. महाराष्ट्राने आठ वर्षे घेऊन, २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण निर्माण केले. निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक वा स्थानबद्धता, खंडणी, लाचखोरी, जमीन वा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर दुरुपयोग, इतक्या गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. यादी पाहिली तर मन प्रसन्न होते.

परंतु घर बांधताना दोन खांब आखूड ठेवण्यात आले. पहिला असा की, न्यायालयाने जिल्हा म्हटले तेथे महाराष्ट्राने विभाग केला. पुणे विभागात पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. पाच जिल्ह्यांच्या तक्रारी एका कचेरीत! शिनोलीच्या मजुरास आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यास एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च सोसावा लागतो. अक्कलकोटच्या वा गडहिंग्लजच्या माणसाची गोष्टच नको. दुसरा खांब अधिक महत्त्वाचा. न्यायालयाने शिफारस बंधनकारक म्हटली होती. आमच्या कायद्याने, अपवादात्मक प्रसंगी लेखी कारणे देऊन ती फेटाळण्याची मुभा सरकारास ठेवली. ज्या खात्याच्या नोकराविरुद्ध निवाडा झाला, त्याच खात्याच्या मंत्र्याने तो स्वीकारावा की नाही हे ठरवावयाचे! पंच नेमावा आणि पंचाचा निवाडा मानणे प्रतिवादीच्या खुषीवर ठेवावे, अशी लवाद-पद्धती कोणती व्यापारी पेढी मान्य करील?

तिसरी अडचण जुनी आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, जो आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, विनाकारण झडती, जप्ती वा अटक करणाऱ्या पोलिसास शिक्षा सांगितली आहे. परंतु त्याच कायद्याचे १६१ वे कलम म्हणते की, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांच्या आत भरला पाहिजे. त्यानंतर भरावयाचा तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, आणि तीही दोन वर्षांच्या आतच. आता व्यवहार पाहा. गांजलेला मनुष्य प्रथम वरिष्ठांकडे अर्ज करतो. वरिष्ठ म्हणतात, चौकशी चालू आहे, धीर धरा. तो बिचारा धीर धरतो आणि कायद्याचे घड्याळ धीर धरीत नाही. चौकशी संपेपर्यंत मुदत संपलेली असते. कोठडीतील छळ हे कर्तव्याच्या ओघातले कृत्य होऊच शकत नाही हा युक्तिवाद योग्यच आहे. पण तो न्यायालयात मांडून जिंकण्यातच गरिबाची उमेद खर्ची पडते. सरकारी नोकरावर खटला भरण्यास लागणाऱ्या परवानगीची गोष्ट तशीच होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने मात्र तेथे एक स्वागतार्ह सुधारणा केली आहे : १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे समजले जाईल. जी मुदत केंद्राच्या कायद्यात घालता आली ती राज्याच्या कायद्यात तक्रारदाराच्या सोयीने का घालता येऊ नये?

येथे कोणी म्हणेल की, अशाने पोलिसांचे धैर्य खचेल आणि चोरांचे फावेल. हा आक्षेप प्रामाणिक लोकही घेतात, म्हणून त्यास उत्तर देणे अवश्य आहे. पोलिसाची नोकरी खडतर आहे हे आम्ही जाणतो. सणावारी आपण घरी गोडधोड खातो तेव्हा तो रस्त्यावर उभा असतो. त्याच्या कामास घड्याळ नाही, अनेकांस धड निवास नाही, आणि बदलीची टांगती तलवार डोक्यावर असते. परंतु ह्या दुःखांवर इलाज जाब न विचारणे हा नव्हे. ज्या प्रकाश सिंह निकालाने तक्रार प्राधिकरण सांगितले, त्यानेच बदल्यांतील राजकीय ढवळाढवळ थांबविण्यासाठी पोलीस आस्थापना मंडळ आणि अधिकाऱ्यांस ठराविक कार्यकाळ सांगितला. हिशेब आणि संरक्षण ही एकाच नाण्याची दोन अंगे त्या निकालाने एकत्र ठेवली होती. त्यांची फारकत करणे पोलिसांच्याही हिताचे नाही. शिवाय, कोठडीत मारून वदवून घेतलेला कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य नाही, हा नियम इंग्रजांनीच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात घातला आणि आजच्या साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. म्हणजे जो मारतो तो खटला मजबूत करीत नाही. तपासाचा आळस झाकतो, आणि खरा चोर मोकळा सोडतो.

व्यापारी वाचक म्हणतील, आम्हांस ह्याच्याशी काय कर्तव्य? आम्ही नम्रपणे सांगतो की, कर्तव्य आहे. जेथे अधिकाऱ्यास जाब नसतो तेथे चिरीमिरीचा दर ठरतो. मालमोटारीमागे इतके, हातगाडीमागे इतके, दुकानासमोरच्या गर्दीबद्दल इतके. ही रक्कम अखेर मालाच्या भावात चढते आणि ग्राहकाच्या खिशातून जाते. आपणही निर्दोष नाही. दहा रुपये देऊन रांग चुकविणारे आपणच. उधारी वसूल करण्यास ‘साहेबांकडून जरा दम द्या’ म्हणणारे आपणच. आणि ‘चकमक’ झाल्याची बातमी आली की पेढे वाटणारेही आपणच. ज्या दंडुक्याने आपल्या देणेकऱ्यास धाक घातला, तो उद्या आपल्याच पाठीवर पडला तर त्यास आपण कोणत्या तोंडाने अन्याय म्हणावयाचे? मुंबईतील चकमकींवरील अर्जाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूत्रे घातली : प्रत्येक चकमकीची फिर्याद नोंदवावी, दुसऱ्या ठाण्याच्या वा गुन्हे अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्याने तपास करावा, दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, आणि शंका फिटेपर्यंत पदक वा बढती देऊ नये. ह्या सूत्रांचा मतितार्थ एवढाच की, गोळी हा निकाल नव्हे.

तोवर नागरिकाने काय करावे? प्रथम, आपले हक्क पाठ करावेत. अटक झालेल्यास प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे; आप्तास खबर दिलीच पाहिजे; वकिलास भेटू दिलेच पाहिजे. स्त्रीस, १५ वर्षांखालील मुलास आणि साठी उलटलेल्या माणसास साक्षीसाठी ठाण्यात बोलाविता येत नाही; पोलिसाने त्यांच्या घरी यावे. ठाण्याने फिर्याद नोंदविली नाही तर ती लेखी स्वरूपात जिल्हा अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कोठडीत मृत्यू वा बलात्कार झाल्यास दंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्याने सक्तीची आहे. मानवी हक्क आयोगाकडे जावयाचे तर एका वर्षाच्या आत जावे. प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर माहितीच्या अधिकाराखाली ४८ तासांत उत्तर मागता येते. आणि २ डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असून त्यांचे चित्रण किमान एक वर्ष जपले पाहिजे. ते चित्रण लगेच, लेखी मागावे. कारण कॅमेरा नेमका त्याच दिवशी बिघडल्याचे उत्तर येण्याचा संभव असतो. ह्या आदेशाची अंमलबजावणी नीट होत नाही हे पाहून २०२५ च्या सप्टेंबरात न्यायालयास स्वतःहून पुन्हा लक्ष घालावे लागले, यातच सर्व आले.

परंतु एकट्यादुकट्याने हे साधणे कठीण. म्हणून आम्ही सुचवितो की, ग्रामसभांनी ह्या हक्कांचा मराठी फलक चावडीवर लावावा. तालुक्याच्या वकील मंडळींनी महिन्यातून एक दिवस गरिबांचे असे अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. आणि बाजार समितीतील व्यापाऱ्यांनी, हप्ता मागितला गेल्यास, एकट्याने नव्हे तर संघटनेच्या शिक्क्यानिशी तक्रार करावी. भिऊन दिलेला पैसा हा कर नव्हे, ती खंडणी होय. आणि खंडणी ही गप्प बसण्याने वाढते.

सरकारकडे आमच्या मागण्या चार आहेत. जिल्हावार तक्रार प्राधिकरण स्थापावे आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक कराव्या. प्राधिकरणाकडे अर्ज प्रलंबित असेपर्यंतचा काळ १६१ व्या कलमाच्या मुदतीतून वगळावा. कोणत्याही ठाण्याविरुद्धच्या फिर्यादीचा तपास त्याच ठाण्याकडे वा त्याच्या शेजाऱ्याकडे देऊ नये. आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात मसुदाही तयार करून दिला, परंतु त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही आणि कायदाही झालेला नाही.

ह्यांतील एकही मागणी पोलिसाच्या हातातील बळ कमी करणारी नाही. ती केवळ एवढेच सांगते की, ते बळ उसने दिलेले आहे आणि उसन्याची नोंद वहीत असते. बाबू गेनूच्या तालुक्यातील माणसास १९३० साली जो प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता तो आज आहे. अधिकार वापरला नाही म्हणजे तो गंजतो. सचोटीचा पोलीस अधिकारी ह्या हिशेबास कधीही भिणार नाही. आणि जो भितो, त्याची वही सर्वांत आधी उघडली पाहिजे.